फ्रेंच फर्निचरचा जुना चित्रग्रंथ: तपासावा कसा, जपावा कसा आणि सुतारापर्यंत न्यावा कसा

इंदूरमधल्या जुन्या मराठी घरांची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरून पितळी डबे, पाटा-वरवंटा आणि पोथ्यांची गाठोडी यांच्याबरोबर क्वचित असाही एखादा ग्रंथ खाली येतो, जो घरातल्या कोणालाच वाचता येत नाही. उंची जवळजवळ दीड फूट, उचलताना दोन्ही हात लागावेत इतके वजन, पाठीला तपकिरी चामडे, आत जाड कागदावर खुर्च्या, कपाटे, पलंग, भिंतींची नक्षी आणि छताचे कोपरे यांची चित्रे, आणि प्रत्येक चित्राखाली फ्रेंचमध्ये एक-दोन ओळी. आमच्या घरी असा ग्रंथ निघाला तेव्हा पहिला सल्ला मिळाला तो चांगली चित्रे सुटी करून फ्रेम करण्याचा आणि दुसरा तो पुस्तकांच्या खजूरी बाजारात दाखवून येण्याचा. दोन्ही सल्ले बाजूला ठेवले हे बरे झाले, कारण अशा ग्रंथाची किंमत त्यातील चित्रे एकत्र असण्यात असते आणि त्याचा उपयोग तो नकाशांच्या वहीसारखा वाचण्यात असतो. फ्रेंचचा गंध नसलेल्या माणसालाही हे वाचन जमते, मात्र त्याला थोडा क्रम पाळावा लागतो.

ग्रंथ हाती आल्यावर तो लगेच मधोमध उघडू नये. शंभर वर्षे मिटलेली पाठ एकदम सपाट केली की चामडे सांध्यावर तडकते आणि पुढची दुरुस्ती महाग पडते. जेवणाच्या टेबलावर धुतलेली सुती चादर पसरावी, दोन बाजूंना दोन घट्ट उशा ठेवाव्यात आणि ग्रंथ त्यांच्या मधल्या खळग्यात ठेवून दोन्ही पुठ्ठे उशांवर टेकतील एवढाच, म्हणजे साधारण काटकोनापेक्षा थोडा जास्त, उघडावा. हातमोजे घालू नयेत. कापडाच्या बोटांना कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केले की पुरे. पान उलटताना बोटाला थुंकी लावण्याची सवय असेल, तर तेवढा वेळ ती विसरावी. धूळ काढण्यासाठी रंगकामाचा नवा, रुंद, मऊ ब्रश घ्यावा आणि तो पाठीकडून बाहेरच्या कडेकडे फिरवावा, म्हणजे धूळ शिलाईत जाऊन बसत नाही. ग्रंथ दमट लागला, तर तो गच्चीवर उन्हात टाकू नये. माळव्यातले मे महिन्याचे ऊन पापडांना मानवते. कागद मात्र त्यात वाकतो आणि चित्रांचे रंग उडतात. पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून आणि तो रोज बदलून, हळूहळू वाळवणे हाच मार्ग आहे. पानांवर मऊ लव असलेली बुरशी दिसली, तर नाक-तोंड झाकावे, ग्रंथ इतर पुस्तकांपासून दूर न्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच ब्रशला हात लावावा.

त्यानंतरचे काम मोजणीचे आहे आणि ते कंटाळवाणे असले तरी त्यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. फ्रेंच चित्रग्रंथात चित्राच्या पानाला ‘प्लांश’ म्हणतात आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात या शब्दाचे संक्षिप्त रूप व त्यापुढे क्रमांक छापलेला असतो. क्रमांक बहुधा रोमन असतो. चित्रांची यादी पुष्कळदा ग्रंथाच्या शेवटी असते, आपल्याकडच्या सवयीप्रमाणे सुरुवातीला नव्हे. त्यामुळे अनुक्रमणिका हरवली असे समजून हळहळण्यापूर्वी शेवटची पाने पाहावीत. यादीतील प्रत्येक क्रमांक प्रत्यक्ष पानाशी ताडून एका वहीत लिहावा. एकाच क्रमांकापुढे ‘बिस’ असे लिहिलेले दुसरे पान दिसले, तर ती छपाईतली चूक नसते. तो त्या क्रमांकाचा दुसरा भाग असतो. गहाळ पाने शोधण्याची एक युक्ती मला फार उपयोगी पडली. चित्राच्या समोरच्या पानावर किंवा मधल्या पातळ संरक्षक कागदावर कित्येक वर्षांच्या दाबाने शाईची फिकट तपकिरी सावली उमटलेली असते. आमच्या ग्रंथात एका ठिकाणी समोर भिंतीच्या नक्षीचे चित्र होते आणि संरक्षक कागदावर सावली मात्र पलंगाच्या छत्रीची होती. मधले एक पान कोणीतरी काढून नेले होते आणि त्याची सावली तेवढी मागे राहिली होती. पाने गहाळ होतात ती बहुतेक रंगीत. काही संग्रह मुळातच न शिवलेले, पुठ्ठ्याच्या फितीबंद खोक्यात सुटी पाने ठेवून विकले जात, त्यामुळे शिलाई नाही म्हणून ग्रंथ मोडलेला आहे असे मानू नये. अशा सुट्या पानांचा क्रम नक्की झाला, की मागील बाजूच्या खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, दाब न देता, क्रमांक टाकावा. पेन किंवा रबरी शिक्का कधीही वापरू नये.

आता वय. मुखपृष्ठाच्या तळाशी वर्ष असले, तर ते रोमन अक्षरांत असण्याची शक्यता मोठी. एम म्हणजे १०००, डी म्हणजे ५००, सी म्हणजे १००, एल म्हणजे ५०, एक्स म्हणजे १०, व्ही म्हणजे ५ आणि आय म्हणजे १. डावीकडून उजवीकडे बेरीज करीत जावे आणि मोठ्या अक्षराच्या आधी लहान अक्षर आले, तर ते वजा करावे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पॅरिसच्या चित्रसंग्रहांवर पुष्कळदा वर्षच छापलेले नसते, कारण तेच संग्रह वर्षानुवर्षे नवे म्हणून विकता येत असत. अशा वेळी छपाईची पद्धत बोलू लागते. घड्याळजीकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि चित्राचा एक गडद व एक फिकट भाग पाहावा.

चित्राभोवती कागद आयताकार दबलेला असेल आणि बोटाच्या टोकाला रेषा किंचित उंच लागत असतील, तर ते तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावर कोरून केलेले मुद्रण आहे. दाबाची खूण नसेल आणि छटा खडूने घासल्यासारखी रवाळ दिसत असेल, तर तो शिळाछाप. ही पद्धत अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी निघाली, त्यामुळे त्याआधीचा ग्रंथ असा असू शकत नाही. वेडेवाकडे, एकावर एक पडलेले रंगीत ठिपके दिसले, तर तो रंगीत शिळाछाप. त्याचे पेटंट फ्रान्समध्ये १८३७ साली गोदफ्रुआ एंगेलमान यांनी घेतले. ठिपके जाळीसारखे सरळ ओळीत असतील, तर ते वर्तमानपत्रात दिसते तसे हाफटोन आणि ग्रंथ १८८० नंतरचा. फोटोसारखे चित्र असूनही ठिपकेच नसतील, केवळ सुरकुतलेल्या सायीसारखा बारीक पोत असेल, तर ते कोलोटाइप. आणि फोटोच, पण मखमली काळ्या सावल्या आणि भोवती पत्र्याच्या दाबाची चौकट असेल, तर त्याला फ्रेंच लोक ‘एलिओग्राव्हुर’ म्हणत. असे पान हाती लागले, तर ते जास्त जपावे. सपाट, अपारदर्शक, ब्रशने भरल्यासारखे रंग असतील, तर ते साच्यातून हाताने भरलेले ‘पोश्वार’ पद्धतीचे पान असावे, आणि या पद्धतीची पॅरिसमध्ये विशेष चलती होती ती १९१० ते १९३० या काळात.

हा सगळा खटाटोप केवळ वय ठरवण्यासाठी नाही. रेषांचे चित्र आणि फोटोचे चित्र यांवर वेगवेगळा विश्वास ठेवावा लागतो. चित्रकार खुर्चीची डावी बाजू काढतो आणि उजवी तिच्यावरून उतरवतो. झिजलेला पाय तो पुरा करतो आणि तुटलेले पान परत लावून टाकतो. फोटो असे करत नाही. म्हणून मापासाठी मी रेषाचित्रावर भिस्त ठेवतो आणि कोरीवकाम किती खोल आहे हे पाहण्यासाठी फोटोवर. चित्राखाली अगदी बारीक अक्षरांत दोन नावे असतात. डावीकडच्या नावापुढे ‘डेल.’ असेल, तर तो चित्र काढणारा, आणि उजवीकडच्या नावापुढे ‘स्कल्प.’ असेल, तर तो कोरणारा. कोरणाऱ्याचे नाव नसून फक्त छापणाऱ्याचे असेल, तर यंत्राच्या छपाईची शंका घ्यावी.

चित्राखालच्या ओळींसाठी फोनमधील भाषांतर वापरायला हरकत नाही, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. एका पानावरच्या दोन खुर्च्यांचे वर्णन माझ्या फोनने ‘मेंढपाळीण, दोन नग’ असे करून दिले. ‘बेर्झेर’ या शब्दाचा मूळ अर्थ खरोखर तोच आहे. फर्निचरमध्ये मात्र त्याचा अर्थ हात आणि बैठक यांमधली जागा कापडाने बंद केलेली, सुटी गादी असलेली ऐसपैस खुर्ची असा होतो. हात उघडे असलेली खुर्ची म्हणजे ‘फोतय’. तिची पाठ सपाट असेल, तर ‘आ ला रेन’ आणि कवेत घेतल्यासारखी वळलेली असेल, तर ‘काब्रिओले’. या शेवटच्या शब्दासाठी फोन उघड्या टपाची मोटार दाखवतो. ‘कानापे’ म्हणजे खाण्याचा पदार्थ नसून सोफा, ‘कॉमोद’ म्हणजे खणांचे बुटके कपाट, ‘आर्मवार’ म्हणजे उंच कपाट, ‘ब्वाझरी’ म्हणजे भिंतीवर बसवलेले लाकडी तावदानकाम. ‘बोनर द्यु झूर’, अर्थात दिवसाचे सुख, हे स्त्रियांच्या लहान लेखन-मेजाचे नाव आहे, आणि ते मला या सगळ्या यादीत सर्वांत आवडते. कारागिरांचे दोन शब्दही ओळखता यायला हवेत. ‘मन्विझिए’ भरीव लाकडाच्या खुर्च्या व चौकटी करीत असे आणि ‘एबेनिस्त’ पातळ व्हिनियर चढवलेली कपाटे व मेजे. आबनूस या लाकडाच्या फ्रेंच नावावरूनच हे दुसरे नाव आले.

पण चित्राखालच्या ओळीत सर्वांत आधी शोधायचे ते दोन शब्द वेगळे आहेत: ‘एपोक’ आणि ‘स्तील’. ‘एपोक लुई केंझ’ म्हणजे वस्तू फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळातच घडलेली; ‘स्तील लुई केंझ’ म्हणजे त्या धाटणीची, पण नंतर केव्हातरी घडलेली. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५२ ते १८७० या तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, जुन्या धाटण्यांची नक्कल मोठ्या प्रमाणावर झाली आणि आपल्याकडचे राजवाडे सजले ते बहुतांशी या नकलेच्या काळात. इंदूरला कान्ह नदीच्या काठावरचा लालबाग राजवाडा १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ मध्ये पुरा झाला, म्हणजे ज्या राजांच्या नावाने ती धाटणी ओळखली जाते, त्यांतील शेवटचा राजा जाऊन तेव्हा शतक उलटले होते. त्यामुळे लालबागेत जे दिसते ते ‘स्तील’ समजून पाहावे, आणि त्यात कमीपणा काही नाही; उलट आपला ग्रंथ त्याच हौसेच्या काळातला असेल, तर तो आणि तो महाल एकाच पिढीचे ठरतात.

धाटणी ओळखण्याचा सोपा रस्ता पायांपासून सुरू होतो. तेराव्या लुईच्या काळात, म्हणजे १६१० ते १६४३, पाय कातलेले आणि खाली आडव्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. आपल्या जुन्या कातीव पलंगाच्या पायांची आठवण होते. चौदाव्या लुईच्या काळात पाठी उंच होतात, दांड्या राहतात आणि मोठ्या वस्तूंवर पितळ व कासवाचे कवच यांचे जडावकाम येते, ज्याला आंद्रे-शार्ल बूल या कारागिराचे नाव चिकटले आहे. पंधराव्या लुईच्या काळात, १७७४ पर्यंत, दांड्या नाहीशा होतात आणि पाय हरणाच्या मागच्या पायासारखा वळण घेतो. शिंपले, फेसाळ पाने, डावी-उजवी बाजू मुद्दाम असमान. सोळाव्या लुईबरोबर सगळे सरळ होते. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई येथे १७३८ व १७४८ पासून उत्खनने चालू होती, तिथल्या प्राचीन नमुन्यांनी डोळे बदलले होते, आणि पाय आता खाली निमुळता होत जाणारा, उभ्या खाचा पाडलेला, स्तंभासारखा झाला.

या शेवटच्या धाटणीची एक खूण इतकी पक्की आहे की तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. पाय जिथे बैठकीच्या चौकटीला मिळतो, तिथे एक लहानसा घन असतो, जणू फासा, आणि त्याच्या दर्शनी बाजूंवर एकेक चौकोनी फूल कोरलेले असते. पंधराव्या लुईच्या खुर्चीत हा फासा शक्यच नाही, कारण तिथे पाय आणि चौकट एकाच वळणात वाहत जातात. रेषा कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे बोटाने शोधून सापडत नाही. ग्रंथातील दोन पाने शेजारी ठेवून आधी हा सांधा डोळ्यांत भरून घ्यावा आणि मग एखाद्या सकाळी लालबागेत जाऊन तिथली प्रत्येक खुर्ची याच एका जागी पाहावी. फासा आहे की नाही, त्यावरचे फूल हाताने कोरलेले आहे की साच्यातून काढून चिकटवलेले, आणि वर सरळ पाठ असून खाली वळणदार पाय असा दोन राजांचा संसार एकाच खुर्चीत झाला आहे का, एवढेच बघावे. ग्रंथ बरोबर नेऊ नये, फोनमधले फोटो पुरेत. आत छायाचित्रे घ्यायची असतील, तर तिकीट घेतानाच विचारावे. पहिल्या नेपोलियनच्या काळातील, महोगनीच्या सपाट पृष्ठभागांवर सोनेरी स्फिंक्स आणि राजहंस बसवलेली धाटणी ओळखायला कोणाची मदत लागत नाही. तिचा पाया घालणारे वास्तुकार शार्ल पेर्सिए आणि पिएर फोंतेन यांचा सजावटीचा चित्रसंग्रह १८१२ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि त्यातील चित्रे छटेविना, केवळ रेषेत कोरलेली होती. आपल्या ग्रंथात अशी कोरडी, स्वच्छ रेषाचित्रे आढळली, तर ती त्या वळणाची समजावीत.

ग्रंथात माणिकबागेसारखे काही सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुतेझिउस यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेल्या त्या घरात एमिल-जाक रुलमान, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स अशा त्या वेळच्या आधुनिक फ्रेंच कलावंतांचे फर्निचर होते, धातू आणि काच वापरून केलेले. त्यातले बरेचसे १९८० साली मोनाकोमध्ये लिलावात गेले. फ्रेंच रुचीची दोन टोके एकाच शहरात होती, त्यांपैकी आपला ग्रंथ जुन्या टोकाचा आहे.

जपणुकीबद्दल. एवढा मोठा ग्रंथ उभा ठेवला, तर पानांच्या वजनाने शिलाई खाली ओढली जाते. तो आडवाच ठेवावा आणि त्याच्यावर दुसरे काही रचू नये. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, विशेषतः मोरीच्या पलीकडच्या भिंतीला, ठेवू नये, कारण जून ते सप्टेंबर ती भिंत आतून ओलसर राहते. लाकडी कपाट असेल, तर फळीवर आधी जाड पांढरा कागद घालावा. पोथ्या बांधायची जुनी रीत, म्हणजे धुतलेल्या सुती कापडाचे बासन आणि त्यात वेखंडाची पुरचुंडी, इथेही उपयोगी पडते. फक्त कापडाचा रंग जाणारा नसावा आणि वेखंड पानांत न घालता बासनाबाहेर ठेवावे. कडुनिंबाचा पाला पानांमध्ये घालण्याची पद्धत सोडून द्यावी, त्याचे डाग जात नाहीत. डांबराच्या गोळ्यांनी कसर कमी होते खरी, पण त्यांचा वास माणसांना बाधतो आणि ग्रंथ उघडणे नकोसे होते. याहून उपयोगी म्हणजे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बासन सोडून पाहणे. कपाटाच्या कोपऱ्यात मातीची बारीक रेघ दिसली, तर वाळवीची वाट शोधावी. कागदावर सालपटे खरवडल्यासारखी दिसली, तर कसर.

पाठीचे चामडे हाताला लालसर भुकटी लावीत असेल, तर त्याला तेल, व्हॅसलीन किंवा बुटांचे पॉलिश लावू नये. तेल चामड्यातून कागदात उतरते. अशा ग्रंथाला केवळ कागदी वेष्टन घालावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य गुन्हा आहे. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा चीक कागदात कायमचा राहतो. योग्य चिकट पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला आहे. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जे पांढरे सत्त्व तळाशी बसते, त्याचीच पातळ खळ जगभरचे कागद-दुरुस्ती करणारे वापरतात. फरक एवढाच, की हे सत्त्व स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन आंबूस वास पूर्ण घालवावा लागतो, त्यात मीठ किंवा पापडखार घालायचा नसतो आणि ते ताजेच वापरायचे असते. लांब धाग्यांच्या जपानी कागदाची पट्टी कापण्याऐवजी पाण्याच्या रेषेवर ओढून फाडावी, म्हणजे तिच्या कडा केसाळ राहतात. तिला खळीचा अगदी पातळ हात द्यावा, ती मागच्या बाजूने बसवावी आणि वर टीपकागद व वजन ठेवून रात्रभर राहू द्यावी. आधी रद्दी कागदावर चार-पाच वेळा सराव करावा. रंगीत पाने आणि सुटलेली पाठ यांच्या वाटेला घरी जाऊच नये, ती कामे जाणकाराची आहेत.

ग्रंथ विकायचा झाल्यास तो परदेशी पाठवण्याचा मोह आधी आवरावा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा लागू होऊ शकतो आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू त्यात मोडत नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा.

शेवटी सुताराकडे जाऊ. चित्रावरून खुर्ची करून घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे आणि माझी फजिती इथेच झाली. निवडलेले पान सोळाव्या लुईच्या एका फोतयचे होते, पाय-चौकटीच्या सांध्यावरच्या फाशासकट, आणि खाली मापपट्टी छापलेली होती. पट्टीवर ‘पिये’ लिहिले होते. पिये म्हणजे फूट, बारा पूस म्हणजे एक पिये, म्हणजे बारा इंच, असा हिशेब करून मी उंची तीन फूट, रुंदी चोवीस इंच, बैठक पंधरा इंच असा कागद सुताराच्या हाती दिला. खुर्ची सागवानात उत्तम झाली, सांधे साल-चूल पद्धतीने, म्हणजे खाचेत कूस बसवून, घट्ट बसले, चपड्याचे पॉलिशही सुरेख चढले, पण तिच्यावर बसलेल्या प्रत्येक पाहुण्याचे गुडघे वर येऊ लागले आणि कोपर हातांवर अवघडू लागले. जुना फ्रेंच राजफूट ३२.४८ सेंटिमीटरचा असतो आणि आपला इंग्रजी फूट ३०.४८ चा, पूस २.७०७ सेंटिमीटरचा, इंच २.५४ चा. तीन पिये म्हणजे ९७ सेंटिमीटरहून थोडे जास्त, तीन फूट म्हणजे ९१. बैठक जवळजवळ ४१ ऐवजी ३८ वर गेली आणि रुंदीत चार सेंटिमीटर कमी पडले. चूक सुताराची नव्हती. ती खुर्ची आता इस्त्रीच्या कपड्यांसाठी आहे.

म्हणून मापपट्टीखालचा शब्द आधी वाचावा. ‘मेत्र’ असेल, तर चिंता नाही. ‘पिये’ असेल आणि चित्र १८१२ पूर्वीचे किंवा त्या काळातील चित्रावरून उतरवलेले असेल, तर वरचा राजफूट धरावा. १८१२ ते १८३९ या काळात फ्रान्समध्ये व्यवहारासाठी मीटरचा एक-तृतीयांश, म्हणजे ३३.३३ सेंटिमीटरचा, तिसराच पिये चालत होता, आणि १ जानेवारी १८४० पासून मीटरच सक्तीचा झाला. दुसरी खबरदारी झेरॉक्सची. चित्राखाली ‘एक-दशांश’ असे प्रमाण छापलेले असले आणि प्रत काढताना ती यंत्राने थोडी लहान केली, तर ते प्रमाण खोटे ठरते; छापलेली पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान होते आणि खरीच राहते. म्हणून पानाचा फोटो घेताना पट्टी, क्रमांक आणि खालची ओळ तिन्ही चौकटीत यायला हवीत. फोन पानाला अगदी समांतर धरावा, उजेड खिडकीतून एका बाजूने यावा, आणि कोरीवकामाची खोली दिसावी म्हणून एक फोटो तिरप्या उजेडातही घ्यावा.

सुतारासाठी मूळ पान नेऊ नये, मोठी केलेली प्रत न्यावी आणि तिच्यावर सेंटिमीटर लाल पेन्सिलीने लिहून द्यावेत. लाकूड निवडताना तो सागवान सुचवील आणि ते योग्यच आहे. मूळ खुर्च्या बीच किंवा अक्रोडाच्या असत, पण आपल्या पावसाळ्यात सागवान कमी वाकतो. सोनेरी मुलामा हवा असेल, तर लाकडावर खडू आणि सरस यांचा थर द्यावा लागतो आणि तो थर आपल्या हवेत तडकतो. मी तरी साध्या मेणाच्या पॉलिशवर समाधान मानले. दुसऱ्या खुर्चीच्या वेळी मी पातळ प्लायवूडची ३२.४८ सेंटिमीटर लांबीची एक पट्टी कापून घेतली, तिच्यावर बारा पुसांच्या खुणा केल्या आणि ती सुताराच्या दुकानात त्याच्या फूटपट्टीशेजारच्या खिळ्याला अडकवली. तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने ‘फ्रांस वाला’ असे लिहून ठेवले आहे.